ग्वाममधला तपकिरी वृक्षसर्प: पक्षी संपले, तरी साप का टिकून आहेत?

टिटवी

पश्चिम प्रशांत महासागरातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटावरच्या तपकिरी वृक्षसर्पाची गोष्ट थोडक्यात माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर साप चुकून आला, जंगलातले पक्षी संपवले, आता अमेरिकी सरकार मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉल घालून हेलिकॉप्टरमधून टाकतं, वगैरे. पण वर्तमानपत्री लेख इथेच थांबतात, आणि माझे प्रश्न इथून पुढचे आहेत.

पक्षी संपल्यावर साप उपाशी मरायला हवे होते, ते का मेले नाहीत? सत्तरेक वर्षं झाली आणि बेट जेमतेम ५४० चौरस किलोमीटरचं आहे, तरी ते सापमुक्त का होत नाही? पॅरासिटामॉलची मात्रा किती, ते सापावर कसं चालतं, आणि इतर प्राण्यांनी ते खाल्लं तर? सापळे वापरतात म्हणे. ते नेमके कसे असतात? इतर बेटांवरही असं झालंय का, हेही कुणाला ठाऊक असेल तर सांगा.

ऐकीव माहिती नको, तपशील हवेत.

धामण

टिटवी, पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच अडकलेली आहेत.

हा साप बोइगा वंशातला, म्हणजे आपल्या मांजऱ्याचा भाऊबंद. डोळ्यात तशीच उभी बाहुली, बारीक मान, रात्रीचा वावर, झाडावर चढण्यात पटाईत. मूळ प्रदेश उत्तर आणि पूर्व ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, सॉलोमन बेटं. ग्वाममधले साप जनुकीय दृष्ट्या पापुआ न्यू गिनीतल्या मॅनस बेटाच्या सापांशी जुळतात. मॅनसवर युद्धकाळात मोठा लष्करी तळ होता आणि तिथलं सामान नंतर ग्वामला हलवलं गेलं. त्यातून मोजकेच साप आले असावेत. १९५० च्या दशकात ते बंदराच्या आसपास दिसू लागले आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीला बेटाच्या उत्तर टोकापर्यंत पोचले.

पक्षी ज्या क्रमाने नाहीसे झाले तो क्रमही हाच: आधी दक्षिण, मग मध्य, शेवटी उत्तरेकडच्या कड्यांलगतचं जंगल. तरीही बराच काळ संशय कीटकनाशकांवर आणि पक्ष्यांच्या रोगांवर होता. जीवशास्त्रज्ञ ज्युली सॅव्हिज यांनी दोन्ही शक्यता तपासून बाजूला सारल्या, जंगलात लावे ठेवलेले सापळे टांगून भक्षणाचं प्रमाण मोजलं आणि १९८७ मध्ये सापावर बोट ठेवलं. साप इतकं करू शकतो हे तोवर बऱ्याच जाणकारांना पटत नव्हतं.

ग्वामच्या पक्ष्यांचा सापाशी आधी कधी संबंधच आला नव्हता. तिथे त्याआधी असलेला एकमेव साप म्हणजे वाळा. तो जमिनीत राहतो आणि मुंग्या-वाळवीची अंडी खातो. घरटं कुठे बांधावं, रात्री कुठे बसावं, पिल्लांनी किती ओरडावं, यातल्या कशावरही सापाचा दाब नव्हता. त्यात या सापाच्या विषात इर्डिटॉक्सिन नावाचं प्रथिन आहे. ते पक्षी आणि सरड्यांवर फार प्रभावी, सस्तन प्राण्यांवर अगदी क्षीण. मोठ्या माणसाला त्यामुळे धोका नसतो. पाळण्यात झोपलेल्या तान्ह्या बाळांना मात्र चावे झाले आहेत आणि त्यातल्या काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं आहे.

आता मूळ प्रश्न. साप पक्ष्यांवर जगत नव्हता, पाली आणि सापसुरळ्यांवर जगत होता. पक्षी हा त्याचा वरकड खुराक होता. ग्वाममध्ये घरपाल आहे, मॅनसच्याच बाजूची एक परकी सापसुरळी आहे, उंदीर आहेत, १९५० च्या दशकात आलेली चिचुंद्री आहे. सापसुरळ्या दिवसा फिरतात आणि रात्री खालच्या फांद्यांवर झोपतात. सापाला त्या फक्त उचलायच्या असतात. त्यांची वीण इतकी जलद की सापाने कितीही खाल्ल्या तरी हिशेब भरून निघतो. एखादा शिकारी फक्त दुर्मिळ भक्ष्यावर अवलंबून असला तर भक्ष्य घटल्यावर त्याचीही संख्या घटते आणि भक्ष्याला उसंत मिळते. इथे ती उसंत कधी मिळालीच नाही. पालींनी साप पोसला आणि त्या पोसलेल्या सापाने शेवटची घरटीही साफ केली.

सापाची भूकही बेताची असते. शरीर थंड, गरज कमी, महिनोन्‌महिने न खाता तग धरतो. त्यामुळे हेक्टरी जितके साप राहू शकतात तितके मांजर किंवा मुंगसासारखे प्राणी कधीच राहू शकणार नाहीत. ऐन भरात ग्वाममध्ये काही ठिकाणी हेक्टरी ५० ते १०० साप होते. नंतर संख्या खाली आली, पण हेक्टरी वीसच्या आसपास साप ही आजही साधी गोष्ट आहे.

मोरपंखी

धामण यांनी पक्ष्यांचा आकडा दिला नाही, म्हणून जोडते. जंगलातल्या १२ स्थानिक जातींपैकी १० ग्वाममधून गेल्या. ‘गेल्या’ म्हणजे सगळ्या जगातून नाही. ग्वाम फ्लायकॅचर कायमचा गेला. १९८० च्या दशकानंतर तो कुणालाही दिसलेला नाही. ‘आगा’ नावाचा मारियाना कावळा शेजारच्या रोटा बेटावर शिल्लक आहे. ‘सिहेक’ नावाचा खंड्या १९८० च्या दशकाच्या मध्यात पकडून प्राणिसंग्रहालयांत वाढवला म्हणून वाचला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातले नऊ पक्षी पालमायरा प्रवाळबेटावर सोडले. ते बेट ग्वामपासून हजारो किलोमीटरवर आहे आणि तिथे साप नाही, उंदीरही काढून टाकलेत. ‘कोको’ नावाची न उडणारी पाणकोंबडीसारखी रेल हीसुद्धा पिंजऱ्यातल्या प्रजननावर टिकली; रोटा आणि कोकोस बेटावर सोडल्यावर २०१९ मध्ये तिचं नाव ‘निसर्गातून नामशेष’ या वर्गातून बाहेर आलं.

ग्वाममध्येच उरलेल्यांत दोन: ‘साली’, म्हणजे साळुंकीच्या कुळातला एक काळा पक्षी, आणि गुहेत घरटी करणारी पाकोळी. साली वस्तीच्या, दिव्यांच्या भागात तग धरून आहे. तिथेही घरट्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त या सापामुळे होतात.

आणि नुकसान पक्ष्यांपाशी थांबलेलं नाही. पावसाळ्यात ग्वामच्या जंगलात कोळ्यांची जाळी शेजारच्या सापमुक्त बेटांच्या तुलनेत ४० पट मोजली गेली, कोरड्या मोसमात दुपटीहून थोडी जास्त. बिया वाहून नेणारे पक्षी नसल्याने फळं झाडाखालीच पडतात. दोन झाडांच्या जातींवरच्या अभ्यासात नवी रोपं उगवण्यात ६१ ते ९२ टक्के घट दिसली. झाडं उभी असल्यामुळे डोळ्यांना जंगल ठीक दिसतं. झाड पडून उजेडाची मोकळी जागा झाली की ती भरून यायला किती उशीर लागतो, तिथे फरक कळतो.

काजवा_८१

आमिष आणि सापळ्यांबद्दल मी लिहितो.

मात्रा आहे ८० मिलिग्रॅम. ५०० मिलिग्रॅमच्या नेहमीच्या गोळीचा सहावा भागसुद्धा नाही. मेलेलं नवजात उंदराचं पिल्लू घेतात आणि त्याच्या तोंडातून ही छोटी गोळी आत सरकवतात. सापाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, ते ऑक्सिजन वाहू शकत नाही, आणि साप मरतो. मेलेलं आमिष चालतं हेच यातलं विशेष. बहुतेक साप हललेल्या भक्ष्यावरच झडप घालतात, हा मेलेलंही खातो. हा स्वभाव नसता तर ही सगळी पद्धतच उभी राहिली नसती.

हाताने आमिष लावायचं तर पीव्हीसी पाइपचा साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर व्यासाचा तुकडा जमिनीपासून दीडेक मीटरवर आडवा टांगतात, आमिष मधोमध. दोन नळ्यांत २० मीटर अंतर. आडवी टांगलेली नळी घोरपडीला आणि खेकड्यांना सहज गाठता येत नाही. काय बिघडतं? मुख्य म्हणजे आमिष सडतं. तिथल्या उष्ण दमट हवेत दोन-तीन दिवसांत ते निरुपयोगी होतं, त्याआधी मुंग्या लागल्या तर आणखी लवकर. म्हणजे माणसाने सतत फिरत राहायला हवं, आणि ग्वामच्या चुनखडीच्या जंगलात धारदार खडकांवरून चालणं हे मोठंच काम आहे. पर्याय म्हणून डबाबंद मांसावर उंदराच्या चरबीची नक्कल करणारं मिश्रण लावून पाहिलं आहे, म्हणजे उंदीर पैदास करायची आणि गोठवून ठेवायची कटकट कमी होते.

हेलिकॉप्टर त्याचसाठी आलं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये ग्वाममधल्या अँडरसन या अमेरिकी हवाई तळाच्या परिसरात २,००० आमिषं टाकली. प्रत्येकाला पुठ्ठा आणि कागदी पट्टी होती, ती फांद्यांत अडकावी म्हणून. आमिष जमिनीवर पडलं की ते खेकड्यांचं. झाडात अडकलं तरच सापाचं. नंतरच्या यंत्रणेत दोन अर्ध्या कुपीसारखे भाग आणि त्यांना जोडणारी गुंडाळलेली पट्टी असते. हवेत कुपी उघडते, पट्टी पसरते आणि शेंड्यात लटकते. सगळं कुजणारं साहित्य.

इतर प्राण्यांचं म्हणाल तर कुत्र्या-डुकरांना घातक व्हायला अशी शेकडो आमिषं खावी लागतील. मांजराला मात्र पॅरासिटामॉल फारच विषारी आहे. खरी अडचण मांसाहारी पक्ष्यांची झाली असती, विशेषतः कावळ्यांची. ग्वाममध्ये ते उरलेच नाहीत, म्हणून परवानगी सोपी गेली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वस्तुस्थिती तीच आहे. हीच पद्धत कावळे असलेल्या रोटावर जशीच्या तशी वापरता येणार नाही.

सापळा म्हणजे मासे पकडायच्या जाळीच्या नळकांड्याचा सुधारलेला प्रकार. दोन्ही टोकांना आत वळलेला शंकू आणि त्याला फक्त आत उघडणारी झडप. मध्ये वेगळ्या बंद पिंजरीत जिवंत उंदीर. साप त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, फक्त वासाने येतो. उंदराला धान्य आणि मेणाची वडी, पाण्यासाठी बटाट्याचा तुकडा. म्हणजे रोज पाणी बदलावं लागत नाही. सापळे जंगलाच्या कडेने किंवा कुंपणावर, दर २० मीटरला एक, सावलीत. झडप वरच्या कडेला बिजागरीवर असते आणि स्वतःच्या वजनाने बंद होते, त्यामुळे सापळा तिरका टांगला किंवा पानाचा तुकडा अडकला तर झडप अर्धवट उघडी राहते आणि आलेला साप निघून जातो. गंजलेली बिजागरी हा दुसरा नेहमीचा दोष. रिकामा सापळा पाहून ‘इथे साप नाहीत’ म्हणण्याआधी बोटाने झडप हलवून बघणं हा पहिला नियम.

टिटवी

काजवा, फारच उपयोगी. पण मग एवढं सगळं चालतं तर अडतं कुठे? आमिष स्वस्त आहे, साप ते खातो, मरतो. सगळं बेट दर महिन्याला झाकून काढलं तर?

काजवा_८१

अडतं ते लहान सापांपाशी.

नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण ७०० मिलिमीटरपेक्षा छोटे साप उंदीर खात नाहीत, पाली खातात. त्यांना उंदराच्या सापळ्यात रस नाही आणि मेलेल्या पिल्लातही फारसा नाही. म्हणजे एका दणक्यात मोठे साप मारले तरी जंगलात एक सबंध पिढी अशी उरते जिला तुमचं हत्यार लागूच होत नाही. ती वर्षभरात मोठी होते. म्हणून आमिष टाकणं ही एकदाची मोहीम नसते; लहान साप आमिष घेण्याच्या आकाराचे झाले, पण अजून अंडी घालण्याइतके झाले नाहीत, त्या मधल्या काळात परत टाकावं लागतं. मादी एका वेळी थोडीच अंडी घालते, पण ग्वाममध्ये ठरावीक हंगाम असा नाही, आणि ती नराचं बीज साठवूनही ठेवू शकते.

दुसरी अडचण उंदरांची. ग्वामच्या जंगलात सापाने उंदीर इतके कमी केलेत की उंदराचा वास म्हणजे सापाला मेजवानी. साप घटले की उंदीर वाढतात. उंदीर वाढले की तुमचं आमिष हजारातलं एक होतं आणि सापळ्यात साप येणं कमी होतं. आधी उंदीर काढून मग सापळे लावले तर साप जास्त सापडतात, हे प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा यश मिळू लागलं की पद्धत आपोआप बोथट होते. सायपान किंवा टिनियन या शेजारच्या बेटांवर चुकून साप पोचला तर तिथे उंदीर भरपूर, म्हणून तिथे ग्वामचा सापळा ग्वामइतका चालेल अशी आशा धरता येत नाही.

अँडरसन तळावर ५५ हेक्टर जंगल सापरोधक कुंपणाने वेढून आमिषांचा पूर्ण प्रयोग केला आहे. कुंपणाआत संख्या खूप उतरते. शून्य होत नाही, याचं कारण वर लिहिलं तेच.

सावकाश

एक बाळबोध शंका. मुंगूस का सोडत नाहीत? सापाचा एवढा पक्का वैरी.

धामण

सावकाश, हा प्रयोग जपानने करून झाला आहे आणि परिणाम समोर आहे. अमामी ओशिमा बेटावर १९७९ मध्ये हाबू या विषारी सापाच्या बंदोबस्तासाठी तीसेक मुंगुसं सोडली. मुंगूस दिवसा फिरतं, हाबू रात्री. गाठभेट क्वचितच. मुंगसांनी तिथला काळा अमामी ससा आणि बेडूक-पक्षी खायला सुरुवात केली. मग सरकारने मुंगूस हटवण्याची मोहीम काढली, २००५ पासून पूर्णवेळ पथक नेमलं, हजारो सापळे लावले. शेवटचं मुंगूस २०१८ मध्ये पकडलं गेलं आणि बेट मुंगूसमुक्त झाल्याची घोषणा झाली सप्टेंबर २०२४ मध्ये. पंचेचाळीस वर्षांचा फेरा. हाबू अजून तिथेच आहे.

ग्वामचा साप रात्रीचा आणि वर झाडावरचा. मुंगूस दिवसाचं आणि जमिनीवरचं. कोको मात्र दिवसा जमिनीवर चालणारा, न उडणारा पक्षी. मुंगसाने कोणाला आधी खाल्लं असतं हे सांगायला नको.

मोरपंखी

कुंपणाबद्दल लिहायचं राहिलं आहे. तीन प्रकार सांगते.

कायमचं कुंपण म्हणजे गुळगुळीत काँक्रीटची भिंत, माणसाच्या छातीपर्यंत उंच, वर बाहेरच्या बाजूला आडवा ओठ. साप भिंतीला पाठ टेकून उभा राहिला तरी ओठापाशी मागे पडतो. खर्चिक, पण वादळात टिकते. दुसरा प्रकार, आधीच असलेल्या जाळीच्या कुंपणाला बारीक छिद्रांची धातूची जाळी लावतात आणि मध्यावर तिला फुगवटा देतात. साप फुगवट्याच्या खालच्या अंगाला येतो आणि पुढे पकड मिळत नाही. तिसरं तात्पुरतं कुंपण, लष्करी कवायतींच्या वेळी सामानाभोवती उभारायचं.

निकामी होण्याची कारणं बहुतेक वेळा सामान्य असतात. एखादी वेल वर चढली की तोच पूल. वादळानंतर टेकलेली फांदी. उंदराने कुरतडलेलं भोक. फाटकाखालची दोन बोटांची फट. फाटक हा कुंपणाचा सर्वात कमजोर भाग. या सापाचं अंग इतकं बारीक आहे की कोंबडीच्या जाळीतून तो सहज निघतो. मे २०२३ मध्ये ग्वामवर मावार वादळ आलं होतं. अशा वादळानंतर अख्ख्या कुंपणाची पाहणी लगेच त्याच आठवड्यात करावी लागते, नाहीतर आत महिनोन्‌महिने केलेलं काम वाया जातं.

सालीच्या घरट्यांच्या पेट्यांबद्दलचा एक शोध इथे सांगण्याजोगा आहे. पेट्या खांबावर बसवून खांबाला गुळगुळीत पत्र्याचं नळकांडं गुंडाळलं होतं. साप दोन ठिकाणी विळखा घालून चढतो, त्याला रुंद नळकांडं पुरतं, असा समज होता. पण कॅमेऱ्यात दिसलं की साप स्वतःच्या शरीराचा एकच मोठा फास करतो, शेपटी त्यातच अडकवतो, आणि त्या फासाच्या छोट्या छोट्या वळणांनी इंचाइंचाने वर सरकतो. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सापाची अशी हालचाल तोवर कुणी नोंदवली नव्हती. साप दमतो, घसरतो, मध्येमध्ये थांबतो, पण पोचतो. उपाय दोन: नळकांड्याचा घेर इतका मोठा करा की फास पुरणार नाही, किंवा त्याला शंकूचा आकार द्या.

सावकाश

मुंगसाचं कळलं, माघार. बंदरांवर कुत्रे वापरतात ते किती उपयोगी?

धामण

उपयोगी आहेत, आणि माझ्या मते सगळ्या पैशांपैकी सर्वात शहाणा खर्च तोच आहे. १९९३ पासून ग्वामहून बाहेर जाणाऱ्या विमानांचं आणि जहाजांचं सामान प्रशिक्षित कुत्र्यांकडून हुंगवून घेतात. जॅक रसेल टेरिअर ही छोटी जात यासाठी वापरली गेली, कारण ती पॅलेटच्या खाचांत शिरते. मुद्दाम लपवलेल्या सापांच्या चाचण्या अधूनमधून घेतात, त्यात काही साप सुटतात. वाऱ्याची दिशा, बंद कंटेनर, दुपारची उष्णता, थकलेला कुत्रा, ही कारणं. म्हणून कुत्रा ही शेवटची चाळणी, पहिली नाही.

पहिली चाळणी म्हणजे सामान ठेवायची जागा. झाडीला लागून रात्रभर ठेवलेलं सामान हा धोक्याचा पहिला धडा. सापाला दिवस उगवण्याआधी काळोखी फट हवी असते, आणि पॅलेट, टायर, पाइप, विमानाच्या चाकाची खोबण, यापेक्षा चांगली फट कुठली. त्यामुळे बंदराभोवतीच्या झाडीच्या कडेने सापळ्यांची रांग, कुंपणांवर रात्री टॉर्च घेऊन गस्त, सामान काँक्रीटवर आणि झाडीपासून दूर, भरल्यावर लगेच बंद, मग कुत्रा. १९८१ ते १९९८ या काळात हवाईत ओआहू बेटावर आठ साप मिळाले, सगळे ग्वामहून आलेल्या सामानाशी जोडलेले. टेक्सासमध्येही एक पोचला होता. न खाता महिने काढण्याची ताकद इथे फार कामाला येते.

ग्वाममध्ये वीजही या सापाने अनेकदा घालवली आहे. खांबाच्या ताणतारेवरून चढून दोन तारांना एकदम टेकला की शॉर्टसर्किट. वर्षाला शंभर-दोनशे वेळा वीज जायची असे दिवस होते. नुकसान लाखो डॉलरचं.

काजवा_८१

इतर बेटांचं कुणी लिहिलं नाही, तेवढं लिहितो.

ग्रॅन कनेरिया (स्पेनचं बेट): कॅलिफोर्निया किंगस्नेक, पाळीव प्राण्यांतून सुटलेला, १९९८ पासून मोकाट. तिथला मोठा स्थानिक सरडा सापाच्या भागात ९० टक्क्यांहून जास्त घटला. हा साप बहुतेक वेळ जमिनीखाली असतो, त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन शोधण्याची ग्वामची पद्धत तिथे लंगडी पडते.

इबिझा (हेही स्पेनचंच): बागांसाठी मुख्य भूमीवरून आणलेल्या जुन्या ऑलिव्हच्या खोडांत ‘हॉर्सशू व्हिप’ नावाचा साप लपून आला, २००३ च्या सुमारास. खोडाच्या ढोलीत साप किंवा त्याची अंडी असतात, आणि झाडं विकत घेणाऱ्याला जुनं पोकळ खोडच जास्त आवडतं. साप पसरला तिथून बेटाची रंगीत पाल नाहीशी होते. हा साप पोहतो, म्हणून किनाऱ्याजवळचे छोटे खडकही सुरक्षित नाहीत.

ख्रिसमस बेट: कवड्याच्या जातभाईची, लायकोडॉन कॅपुसिनसची, पहिली नोंद १९८७ ची. नंतर स्थानिक पाली-सापसुरळ्या कोसळल्या. तिथल्या ‘फॉरेस्ट स्किंक’ या सापसुरळीचा शेवटचा जीव २०१४ मध्ये बंदिवासात मेला. दोन जाती फक्त पैदास केंद्रांमुळे उरल्या. तिथल्या छोट्या वटवाघळाचा शेवटचा आवाज २००९ चा, पण त्यात सापाचा वाटा किती यावर मतभेद आहेत. मी ते सापाच्या खात्यावर टाकणार नाही.

टिटवी

मोरपंखी, तुम्ही कोकोस बेटाचं नाव घेतलंत. तिथे कोको सोडले होते ना? बातमीत वाचलं की तिथेही साप निघाला.

मोरपंखी

हो. हे कोकोस म्हणजे ग्वामच्या दक्षिण टोकाला अडीच किलोमीटरवरचं ३३ हेक्टरचं बेट. हिंदी महासागरातलं कोकोस वेगळं. उंदीर काढून २०१० मध्ये तिथे कोको सोडले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे साप असल्याचं जाहीर झालं, आणि एकटादुकटा नव्हे. ग्वामहून पर्यटकांच्या, मासेमारीच्या बोटी सतत ये-जा करतात.

तिथे सापळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, कारण पक्षी आणि पाली भरपूर आहेत. पोट भरलेला साप उंदरासाठी वाकडी वाट करत नाही. म्हणून मुख्य काम रात्री पायी शोधण्याचं. डोक्याला टॉर्च, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक जण, ताशी अर्धा किलोमीटरच्या आसपास वेग. फांद्यांच्या कडा आणि खालची बाजू बघत जायचं, प्रकाशझोत डोळ्यांच्या रेषेत, म्हणजे पोटाचा फिकट रंग चमकतो. भराभर चाललं की फक्त मोठे आणि हलणारे साप दिसतात, आणि तेच आधीच सर्वात सोपे असतात.

सावकाश

समजा महिनाभर एकही दिसला नाही. मग बेट मोकळं?

काजवा_८१

ते प्रत्येक सापाच्या दिसण्याच्या शक्यतेवर आहे. ग्वाममध्ये ५ हेक्टरच्या बंद कुंपणात प्रत्येक साप खूण करून ठेवला आणि शोधणाऱ्यांना फिरवलं. समोर असलेला साप एका रात्रीत सापडण्याची शक्यता काही टक्केच निघाली, लहान सापांची त्याहून कमी.

उदाहरणापुरते आकडे धरू. एका रात्रीत मोठा साप दिसण्याची शक्यता ५ टक्के असेल तर ६० रात्री शोधूनही तो निसटण्याची शक्यता ०.९५ चा साठावा घात, म्हणजे साधारण ४.६ टक्के. चांगलं आहे. आता लहान सापासाठी १ टक्का धरा. त्याच ६० रात्रींनंतर तो निसटण्याची शक्यता ५५ टक्के. निसटण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची तर जवळपास ३०० रात्री लागतात, आणि तेवढ्या काळात तो लहान राहत नाही. म्हणून शोध सलग एकदाच करण्याऐवजी काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा करतात: दर फेरीला मागच्या वेळचे लहान साप दिसण्याच्या आकाराचे झालेले असतात. दोन फेऱ्यांमधलं अंतर मात्र ते अंडी घालू लागतील इतकं लांबवायचं नाही.